ओसरीवरून : कुंडलीत नसलेले घर

तुळशीची लग्ने लागली की आमच्या मालवणाकडे घरोघर पत्रिका हिंडू लागतात. ज्याने मुलांस चार वर्षे संस्कृत शिकविले त्यास गोत्र, प्रवर आणि सापिंड्य यांचे ज्ञान असणारच, अशी लोकांची भाबडी समजूत असल्यामुळे त्यांपैकी काही पत्रिका या ओसरीवरही येतात. गोत्र निराळे आहे ना, प्रवर जुळत नाहीत ना, पिढ्या मोजल्या आहेत ना, इतके पाहून झाले की अलीकडे एक नवा प्रश्न हटकून निघतो : मुलाचा आणि मुलीचा रक्तगट एकच आहे, तेव्हा हे स्थळ चालेल काय? कोणी छायाचित्राच्या मागे रक्तगट लिहून पाठवितात. कोणी एकनाडी आणि एक रक्तगट ही दोन्ही एकच होत, आपल्या पूर्वजांस सारे ठाऊक होते, असे सांगून मोकळे होतात.

या प्रश्नाचा समाचार घेण्याचे या महिन्यात योजिले आहे. प्रश्न चुकीचा असला तरी त्यामागील काळजी खरी आहे. वधूवरांच्या रक्तात काही असे असू शकते की जे संसार मांडण्यापूर्वी दोघांनाही ठाऊक असलेच पाहिजे. मात्र ते रक्तगटात सापडत नाही, आणि कुंडलीच्या बारा घरांपैकी एकाही घरात सापडत नाही.

प्रथम रक्तगटाचे उरकून घेऊ. पतिपत्नींचा रक्तगट एकच असल्याने संततीस कसलाही अपाय होत नाही. आपल्या देशात ओ आणि बी गटांची माणसे इतकी आहेत की हा नियम खरा असता तर निम्मी घरे निपुत्रिक राहिली असती. जपावयाचे ते एवढेच की माता आरएच निगेटिव्ह आणि गर्भ आरएच पॉझिटिव्ह असेल तर मातेच्या शरीरात गर्भाच्या रक्ताविरुद्ध द्रव्य तयार होऊन पुढील अपत्यास धोका संभवतो. त्यावर अँटी-डी नावाचे इंजेक्शन आहे. ते गरोदरपणी सुमारे अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि प्रसूतीनंतर बहात्तर तासांच्या आत देतात. त्यासाठी चांगले स्थळ मोडण्याचे कारण नाही.

नाडीविषयी बोलताना काही वाचकांस राग येईल, येवो. छत्तीस गुणांपैकी आठ गुण नाडीचे, म्हणून तिचा दरारा मोठा. परंतु नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. सत्तावीस नक्षत्रांची नऊ-नऊ अशी तीन टोपल्यांत वाटणी केलेली आहे. एकाच आईबापांच्या पोटी रोहिणीवर जन्मलेला मुलगा एका नाडीचा आणि दोन वर्षांनी मृगावर जन्मलेली मुलगी दुसऱ्या नाडीची. रक्त तर दोघांत तेच आईबापांचे. ज्योतिषाने जे सांगण्याची प्रतिज्ञा कधी केली नाही ते त्याच्या तोंडी घालणे, हा ज्योतिषावरही अन्यायच होय.

आता मूळ विषयाकडे वळू. ग्रीक भाषेत समुद्रास ‘थालासा’ म्हणतात. १९२५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे थॉमस कूली या बालवैद्याने काही मुलांच्या एका विलक्षण पांडुरोगाचे वर्णन केले. पुढे असे दिसले की हे रोगी बहुधा भूमध्य समुद्राकाठच्या घराण्यांतले. म्हणून १९३२ साली त्या रोगास थॅलेसेमिया, म्हणजे ‘समुद्राचे रक्त’, असे नाव पडले. आम्ही समुद्राकाठची माणसे. आम्हांस हे नाव ऐकून थोडे दचकायला होते. पण खरे पाहता समुद्राचा यात काही दोष नाही. पुष्कळशा किनाऱ्यांवर आणि दलदलीच्या प्रदेशांत हिवताप शतकानुशतके ठाण मांडून होता, आणि ज्यांच्या रक्तात या रोगाचे अर्धे बीज असे ती माणसे हिवतापातून अधिक वाचत, म्हणून ते बीज टिकून राहिले, अशी कल्पना जे. बी. एस. हॉल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४९ साली मांडली. (हेच हॉल्डेन १९५७ साली हिंदुस्थानात येऊन राहिले, पुढे येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.) पुढील संशोधनाने ती कल्पना बळकट झाली.

‘अर्धे बीज’ हा शब्द वापरला, त्याचा खुलासा करतो. तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे जे द्रव्य असते, ते अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्यांचे बनलेले असते. बीटा साखळी घडविण्याची आज्ञा प्रत्येकाजवळ दुहेरी असते : एक प्रत पित्याकडून, एक मातेकडून. त्यांपैकी एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागते. असा मनुष्य धडधाकट असतो, डोंगर चढतो, संसार करतो, म्हातारा होतो. त्यास रोगी म्हणू नये. त्यास वाहक म्हणतात. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चार शक्यता असतात : एकीत दोन्ही प्रती चांगल्या, दोहोंत एक चांगली व एक बिघडलेली, आणि एकीत दोन्ही बिघडलेल्या. हे चौथे मूल जन्मतः गुटगुटीत दिसते. सहा महिन्यांनंतर, कधी वर्षा-दीड वर्षाने, ते फिके पडू लागते, दूध टाकते, पोट वाढते. तेथून पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी त्यास दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, आणि ते जन्मभर.

येथे घरोघरी एक गैरसमज ऐकू येतो, तो खोडून काढलाच पाहिजे. पहिले मूल असे निघाले, म्हणजे आता पुढली तीन बरी निघतील, असे काही जण मानतात. शिकलेली माणसेही असा हिशेब करतात, हे पाहून गणिताच्या तासाला आपण काय केले, असा प्रश्न पडतो. कवड्या प्रत्येक खेपेस नव्याने पडतात. मागचे दान त्यांना आठवत नाही.

रक्त दिले म्हणजे भागले असेही नाही. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे दोनशे मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींत साचत जाते. ते काढण्यास पुन्हा रोजची औषधे लागतात. नीट उपचार मिळाले तर ही मुले आज मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात, लग्नेही करतात. पण घरातील एक माणूस कायमचा रक्तपेढीच्या वाटेवर असतो. अस्थिमज्जा बदलण्याची शस्त्रक्रिया हा पुरा उपाय आहे, आणि मुंबई महानगरपालिकेने बोरिवली येथे त्यासाठी स्वतंत्र केंद्रही चालविले आहे. परंतु मज्जा जुळावी लागते, आणि सख्ख्या भावंडाशी ती जुळण्याची शक्यताही चारांत एकच.

हे दुखणे दूरच्या कोणाचे, असे समजण्याचे कारण नाही. सरकारी अंदाजानुसार आपल्या देशात शेकडा तीन ते चार माणसे बीटा थॅलेसेमियाची वाहक आहेत, आणि दरसाल दहा ते बारा हजार मुले हा रोग घेऊन जन्मतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि दिल्ली येथील अकरा हजारांवर शाळकरी मुलांचे रक्त तपासले होते. तीत मुंबईच्या मुलांपैकी शेकडा २.६८ वाहक निघाली, दिल्लीची शेकडा ५.४७. मुंबईचा आकडा सोपा करून सांगावयाचा तर सदतिसांत एक, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वर्गात एक. आता कोकणातील असे कोणते घर आहे, की ज्याचा एक पाय गिरगाव, दादर, डोंबिवली किंवा ठाणे येथे नाही? आमच्या मुली तिकडे नांदतात, तिकडच्या सुना इकडे येतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली इत्यादी समाजांत हे प्रमाण अधिक आहे खरे, आणि त्या समाजांत तपासणीची शिबिरेही भरत आली आहेत. पण आपल्या जातीत हे नसते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने आपले रक्त कधी तपासून घेतले आहे काय, एवढेच विचारावे.

यावर आमची मंडळी म्हणतात, अहो, यासाठीच तर सगोत्र विवाह वर्ज्य केला! या म्हणण्यात किती तथ्य आहे ते पाहणे अगत्याचे आहे. गोत्र चालते पित्याकडून. मामाच्या मुलीचे गोत्र निराळे, पण आजी-आजोबा तेच. गोत्राच्या चाळणीतून ती सहज पार पडते. बौधायनाने मामेबहिणीशी विवाह ही दक्षिणेकडील चाल म्हणून नोंदविली आहे, आणि महाराष्ट्रातील पुष्कळ जातींत ती आजही मानाने चालते. गोत्रापेक्षा सापिंड्याचा विचार अधिक खोल आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत ‘पिंड’ याचा अर्थ श्राद्धातील भाताचा गोळा असा घेतला नाही, शरीर असा घेतला. पित्याच्या देहाचे अवयव पुत्रात उतरतात, आणि पित्याच्या द्वारे पितामहाचेही. मातेकडूनही तसेच, असे त्याचे विवेचन आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या या विवेचनापुढे मी आदराने मान लववितो. पण तोच पुढे असेही म्हणतो की अशा रीतीने मागे मागे जाऊ लागले तर अनादि संसारात सर्वच सर्वांचे सपिंड ठरतील, म्हणून कोठेतरी मर्यादा घालावी लागते : पित्याकडून सात पिढ्या, मातेकडून पाच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती पाच आणि तीन केली, आणि रूढीस वाट मोकळी ठेवली.

मर्यादा म्हणजे मर्यादा. तिच्या पलीकडे रक्त निराळे होते असे विज्ञानेश्वरानेही म्हटलेले नाही. शिवाय गोत्राने एक दार बंद केले, तर पोटजातीने दुसरे. चारसहाशे वर्षे त्याच त्या काही घराण्यांत सोयरिकी होत राहिल्या, म्हणजे निराळ्या गोत्रांचीही माणसे कोठेतरी मागे एकाच पणजोबांस जाऊन मिळतात. थोडे तोंडी गणित करू. मुलगा वाहक असेल तर मुंबईतील कोणत्याही परक्या घरची मुलगी वाहक असण्याचा संभव सदतिसांत एक. त्याच्या मामाची मुलगी वाहक असण्याचा संभव मात्र आठांत एक. नात्याने धोका वाढतो हे खरे. पण नाते नसले म्हणजे धोका शून्यावर येतो असे नव्हे. सदतिसांत एक हा आकडा काही शून्य नव्हे.

दोन्हीकडून एकेक प्रत आल्यावरच प्रकट होणाऱ्या गुणाचे एक उदाहरण तर आपल्या मुंबईच्याच नावाने जगभर प्रसिद्ध आहे. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना काही माणसे अशी आढळली, की ज्यांचे रक्त तपासणीत ओ गटाचे भासे, परंतु ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. सर्व गटांच्या मुळाशी असणारे एच नावाचे द्रव्यच त्यांच्या पेशींवर नव्हते. यास ‘बॉम्बे रक्तगट’ असे नाव मिळाले. आपल्या देशात असा मनुष्य सुमारे दहा हजारांत एक असतो, आणि नात्यातील विवाहांच्या संततीत तो अधिक आढळतो. हा रोग नव्हे. त्या माणसास आयुष्यभर काही त्रास नाही. फक्त अपघात झाला आणि रक्त लागले तर तशाच दुसऱ्याचा शोध घेत हिंडावे लागते. १९५७ साली मुंबईस परळ येथे रक्तगटांच्या अभ्यासासाठी सरकारी केंद्र निघाले, तेच वाढत वाढत आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था झाले आहे. रक्ताच्या आनुवंशिक विकारांविषयी आपल्याकडे जे ज्ञान जमले त्यातील मोठा वाटा या संस्थेचा.

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेल नावाचा जो विकार आहे, त्याचे गणितही हेच. त्यासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून सात कोटी लोकांचे रक्त तपासण्याचा संकल्प आहे. हिमोफिलियाचा मार्ग निराळा, तो मातेकडून पुत्राकडे जातो. त्याविषयी पुढे केव्हातरी लिहीन.

आता जे सांगण्यासाठी लेखणी उचलली ते सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या मुंबईस शिकते. महाविद्यालयातील शिबिरात तिचे रक्त तपासले गेले आणि ती वाहक निघाली. मुलीने काही लपविले नाही. ठरत आलेल्या स्थळास तिने स्वतः तो कागद दाखविला. आठ दिवसांनी निरोप आला की ‘मुलीच्या रक्तात दोष आहे’, तेव्हा क्षमा असावी. मुलाचे रक्त तपासले काय, असे विचारता उत्तर मिळाले : आमच्या मुलास काय झाले आहे? मी या मंडळींस विद्वान म्हणून ओळखत होतो. दोन संख्यांच्या गुणाकाराचा प्रश्न एकच संख्या पाहून सोडविणाऱ्यास मी वर्गात बाकावर उभे केले असते. मुलगा वाहक नसता तर त्या दोघांच्या एकाही मुलास हा रोग होणे संभवत नव्हते. आणि मुलगा वाहक असेल, तर ज्या दुसऱ्या मुलीशी तो न तपासता बोहल्यावर चढेल तिचे काय?

असे वागण्याचा परिणाम काय होतो हे ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावी दिसून आले आहे. तेथे सिकलसेलचे वाहक पुष्कळ. १९७० नंतरच्या काही वर्षांत गावकऱ्यांचे रक्त तपासून ज्याला त्याला त्याचा निकाल सांगण्यात आला, या अपेक्षेने की वाहक वाहकाशी विवाह टाळील. झाले ते उलटेच. वाहकांस लोक खाली पाहू लागले, ठरलेली लग्ने मोडू लागली, म्हणून वाहकांनी निकाल लपविला. आणि अखेरीस दोन्ही वाहक असलेली जोडपी जितकी तपासणीवाचून जमली असती तितकीच जमली. याच्या जोडीस सायप्रसचे बेट पाहावे. तेथे साधारण सातांत एक वाहक. १९८३ पासून तेथील ऑर्थोडॉक्स चर्चने लग्नापूर्वी दाखला मागण्यास आरंभ केला. मात्र तो ‘यांनी तपासणी केली व सल्ला घेतला’ एवढाच. निकाल काय आला ते पाद्र्यासही कळत नाही, केवळ त्या दोघांस कळते. दोघेही वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न करतातच, आणि पुढील निर्णय वैद्यांच्या सल्ल्याने घेतात. थोड्याच वर्षांत तेथे या रोगाची नवी मुले जन्मणे जवळजवळ थांबले. दोन्ही ठिकाणी नळी आणि सुई तीच होती. निकाल कोणाच्या हाती पडावा आणि त्याचे लोकांनी काय करावे, यात सारा फरक.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ही तपासणी स्थळे पाहण्याच्या वेळेपर्यंत ठेवूच नये. मुलगा असो वा मुलगी, अठरा-एकोणीस वर्षांचे झाले की करून टाकावी. आणि ज्या घरी दोन्ही असतील तेथे मुलाची आधी करावी. निकाल ज्याचा त्यास द्यावा. शेजारणीस, पुरोहितास अथवा मध्यस्थास तो कळण्याचे कारण नाही.

तपासणी म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हे. नेहमीच्या रक्ततपासणीच्या कागदावर एमसीव्ही आणि एमसीएच असे दोन आकडे असतात. पहिला ८० च्या खाली आणि दुसरा २७ च्या खाली असेल, तर तांबड्या पेशी लहान व फिक्या आहेत असे समजावे. असे लोह कमी असल्यानेही होते. म्हणूनच कित्येक वाहक स्त्रियांस वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या चारल्या जातात आणि आकडा काही हालत नाही. अशा वेळी एचपीएलसी नावाच्या यंत्रावर हिमोग्लोबिन ए-टू मोजतात. ते शेकडा साडेतीन-चारांच्या वर असले की बहुधा वाहकत्व ठरते. जेथे यंत्र नाही तेथे मिठाच्या पाण्याची एक साधी युक्ती आहे. फार सौम्य, शेकडा ०.३६ इतक्या मिठाच्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकून अर्धा तास ठेवतात आणि नळीमागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरतात. निरोगी पेशी फुटून पाणी निवळते व रेघ स्वच्छ दिसते. वाहकाच्या पेशी सहजी फुटत नाहीत, पाणी गढूळ राहते, रेघ दिसत नाही. यावरून निर्णय करावयाचा नसतो, पण पुढे कोणास पाठवावयाचे ते कळते.

ज्यांची लग्ने झालेली आहेत आणि घरी आनंदाची बातमी आहे, त्यांनी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पाहावे. पत्नी वाहक नसेल तर तेथेच संपले. ती वाहक असेल तर पतीचे रक्त त्याच आठवड्यात पाहावे. दोघेही वाहक असतील तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा अंश घेऊन गर्भाची स्थिती कळू शकते. गर्भलिंग सांगण्यास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेच या तपासणीस मुभा दिली आहे. निकाल वाईट आला तर काय करावे, हे त्या दोघांनी ठरवावे. तेथे स्मृतिवचने फेकण्याचा अधिकार मला नाही आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही नाही.

एकत्र कुटुंबाची मात्र येथे फार मोठी मदत होऊ शकते. एक मनुष्य वाहक निघाला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात ते बीज असण्याचा संभव निम्मा. पाकिस्तानात रोगी मुलाच्या घरचे चुलते, मामा, आत्या आणि त्यांची मुले यांना तपासले, त्याचा वृत्तांत २००२ साली छापून आला. तपासलेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा वाहक निघाला. साऱ्या शहराचे रक्त तपासण्यापेक्षा अशा एका घराण्याचे तपासणे किती स्वस्त! आमच्याकडे चतुर्थीस मुंबई-पुण्याची सगळी चुलत-मामे भावंडे गणपतीपुढे एकत्र जमतात. ज्यास आपले वाहकत्व कळले आहे त्याने त्या दिवसांत, जेवणे आटोपल्यावर, आपणहून हे भावंडांच्या कानांवर घालावे. आणि घरातील आजीने, कोणाच्या वंशातून आले याची चौकशी त्या दिवशी तरी करू नये. आजोळाकडून आले म्हणून सुनेच्या माहेरास नावे ठेवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि पुढे ते सासऱ्यांकडूनच आलेले निघाल्यावर तीच घरे गप्प बसलेलीही पाहिली आहेत.

रक्त देण्यास उपाशी जावे लागत नाही. ज्यास गेल्या तीन-चार महिन्यांत बाहेरचे रक्त चढविले असेल त्याने मात्र थोडे थांबावे. नाहीतर नळीत त्याच्याबरोबर कोणा दात्याचेही रक्त तपासले जाईल.